फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचा 'लीज अँड लीफ' : पहिल्यांदा ऐकताना

टेपरेकॉर्डर (धागाकर्ता)

इंग्लिश फोक रॉकचा, म्हणजे रॉकच्या वाद्यांवर बसवलेल्या लोकगीतांचा, विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी 'लीज अँड लीफ'चं नाव काढतंच. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडचा डिसेंबर १९६९ मधला अल्बम. बीबीसी रेडिओ २ च्या श्रोत्यांनी २००६ मध्ये याला आजवरचा सगळ्यात प्रभावी फोक अल्बम ठरवलं. असलं काही वाचलं की मी सहसा त्या वाटेला जात नाही. सगळ्यांनी आधीच नमस्कार करून ठेवलेल्या गोष्टीबद्दल आपण वेगळं काय बोलणार? पण गेल्या रविवारी हेडफोन लावून सलग ऐकला, आणि आता बोलल्याशिवाय राहवत नाहीये.

आठ गाणी, साधारण चाळीस मिनिटं. पहिलं 'कम ऑल ये' मला सपक वाटलं. गॅदरिंगमध्ये निवेदक कलाकारांची ओळख करून देतो तसं एकेका वाद्याचं कौतुक होतं, आणि तेही जरा लांबतं. 'रेनार्डीन' मात्र लगेच धरून ठेवतं. ठेका जवळजवळ नाहीच. मागे झांजांची हलकी थरथर, व्हायोलिन-गिटारचे लांब सूर, आणि त्यावर बँडची गायिका सँडी डेनी हिचा आवाज. डोंगरात बायकांना भुलवून नेणारा कोल्ह्यासारखा माणूस, त्याचे चमकणारे दात. घाबरवायचा प्रयत्न कुणीच करत नाही, म्हणूनच जास्त भीती वाटते.

मग 'मॅटी ग्रोव्ह्ज'. यासाठीच हा धागा.

गोष्ट अशी. सणाचा दिवस. चर्चमध्ये एका लॉर्डची बायको मॅटी नावाच्या पोराला सरळ सांगते, नवरा घरी नाही, रात्री ये. शेजारी उभा असलेला नोकर हे ऐकतो आणि मालकाला खबर द्यायला पळत सुटतो, वाटेत ओढा लागतो तो पोहून जातो. मॅटीला जाग येते तेव्हा लॉर्ड पलंगाच्या पायथ्याशी उभा. आणि तो ओरडत नाही! गादी कशी वाटली, चादरी कशा वाटल्या, बायको कशी वाटली, असं विचारतो. मग म्हणतो, ऊठ, कपडे घाल, नागड्या माणसाला मारलं असं कुणी म्हणायला नको. स्वतःकडच्या दोन तलवारींतली चांगली मॅटीला देतो. पहिला वार मॅटीचा, दुसरा लॉर्डचा, आणि तिसऱ्याची गरज पडत नाही. बायकोला विचारतो, आता बोल, कोण आवडतो? ती म्हणते, तुझ्यापेक्षा हा मेलेला बरा. तिलाही मारतो. शेवटी फर्मान सोडतो, दोघांना एकाच खड्ड्यात पुरा, पण बाईसाहेब वर ठेवा, खानदानी आहेत.

एवढं सगळं सँडी डेनी कसं गाते? बाजारातून काय काय आणलं हे सांगावं तितक्या निर्विकारपणे. चर्चमधल्या कडव्याला जो आवाज, तोच खुनाच्या कडव्याला. कुठे हुंदका नाही, कुठे पट्टी चढवणं नाही. गोष्ट संपते आणि बँड सुटतो. रिचर्ड थॉम्प्सनची इलेक्ट्रिक गिटार आणि डेव्ह स्वॉरब्रिकचं व्हायोलिन यांची जी काही झटापट चालते, ती गाणं संपेपर्यंत. गाणाऱ्या बाईनं जे दाबून ठेवलं ते वाद्यांनी बाहेर काढलं, असं मला वाटलं. एकूण आठ मिनिटं, पण घड्याळाकडे लक्ष गेलं नाही.

ऐकून झाल्यावर मागची हकीकत वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून लावला. मे १९६९ मध्ये बर्मिंगहॅमचा कार्यक्रम करून लंडनला परतताना एम १ हायवेवर यांच्या व्हॅनला अपघात झाला. ड्रमर मार्टिन लॅम्बल गेला, वय १९. थॉम्प्सनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन गेली. बेस वाजवणारा ॲशली हचिंग्ज बराच जखमी झाला. सँडी त्या व्हॅनमध्ये नव्हती. बँड मोडायचीच वेळ आली होती. त्याऐवजी त्यांनी उन्हाळ्यात विंचेस्टरजवळ फार्ली चेंबरलेन इथं एक मोठं घर भाड्यानं घेतलं, डेव्ह मॅटॅक्स हा नवा ड्रमर घेतला, स्वॉरब्रिकला कायमचं सामील करून घेतलं आणि जुनी गाणी बसवायला लागले. सप्टेंबरात रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ती वाजवली, त्यानंतर चेल्सीच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत रेकॉर्डिंग. निर्माता जो बॉइड, ध्वनिमुद्रक जॉन वुड. म्हणजे अपघातापासून अल्बम दुकानात येईपर्यंत सात महिने. थॉम्प्सन तेव्हा २० वर्षांचा होता, सँडी २२.

माझं म्हणणं एवढंच की हा अल्बम सुतकातला आहे. विशीतल्या पोरांनी आपल्या दुःखावर गाणी लिहिली नाहीत, शेकडो वर्षांपूर्वीच्या मेलेल्या माणसांची गाणी उसनी घेतली. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि यानंतर काय ऐकावं तेही सांगा.

---

पिवळी_रिक्षा

वाखु (वाचनखूण) साठवली. बँडचं नाव ऐकून होते, ऐकलं कधीच नाही. एक बाळबोध शंका, ही जर खेड्यातली जुनी गाणी आहेत तर यात रॉक कुठून आलं? म्हणजे नुसती गिटारची वायर ॲम्प्लिफायरला जोडली की झालं रॉक?

---

मुपो_डोंबिवली

टेपरेकॉर्डर, लेख आवडला.

मी या बाईंच्या आवाजाशी मागच्या दारानं आलो. कॉलेजात लेड झेपेलिनची पारायणं चालायची. त्यांच्या चौथ्या अल्बममधल्या 'बॅटल ऑफ एव्हरमोर'मध्ये रॉबर्ट प्लांटसोबत एक बाई गाते, ती कोण यावर आमच्या कट्ट्यावर पैजा लागायच्या. तीच ही सँडी डेनी. झेपेलिनच्या अल्बमवर पाहुणी म्हणून गायलेली ती एकटीच. मग काळ्या घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये जाऊन फेअरपोर्टबद्दल विचारायचो, आणि काउंटरवरचा माणूस मान हलवायचा. पुढे मामेभावानं लंडनहून सीडी आणली.

पिवळी_रिक्षा, तुमच्या शंकेचं उत्तर ड्रम्समध्ये आहे. वायर नंतर. मॅटॅक्स डान्स बँडमधून आलेला माणूस, लोकसंगीताशी त्याचा काही संबंध नव्हता. 'टॅम लिन' लावा आणि फक्त त्याच्याकडे लक्ष द्या. शब्द जिथे श्वास घेतात तिथे तो आणि हचिंग्ज मिळून अशी थाप देतात की खुर्चीत सरसावून बसावं लागतं. मी अंगठ्यानं ठेका धरायला गेलो की दर वेळी घसरतो.

अवांतर: आधी हे लोक अमेरिकन वेस्ट कोस्टच्या बँड्सच्या पठडीत वाजवायचे, बॉब डिलनची गाणी करायचे. मग १९६८ मध्ये 'द बँड'चा 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक' आला. ही पोरं अमेरिकन मातीतलं इतकं अस्सल करतायत तर आपण त्यांची नक्कल कशाला करायची, असं यांच्या डोक्यात आलं.

---

सव्वासेर

लेख चांगला, पण 'सुतकातला अल्बम' पटलं नाही. अपघात माहीत नसता तर तुम्हाला सुतक ऐकू आलं असतं का? तुम्हीच लिहिलंय की हकीकत नंतर वाचली. मग ते संगीतात आहे की तुमच्या डोक्यात?

आणि जुन्या बॅलड्समध्ये, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीतांमध्ये, मरण नसतं कुठे? कुठलंही पुस्तक उघडा, दर दोन पानांआड मुडदा. खून, बुडून मरणं, विष, बाळंतपणातला मृत्यू. निवडून काढायची गरजच नाही. शिवाय या गाण्यांकडे ते अपघातानंतर वळले असंही नाही. आधीच्या 'अनहाफब्रिकिंग'मध्ये 'अ सेलर्स लाइफ' आहे, अकरा मिनिटांचं, जुनंच गाणं, त्यातही स्वॉरब्रिक पाहुणा म्हणून वाजवतो. आणि तिथे ड्रम्सवर लॅम्बलच आहे. म्हणजे वाट आधीच सापडली होती.

---

गारवेल

सव्वासेर यांच्या मुडद्यांच्या हिशेबाला +१ :)

थोडं या गाण्यांच्या मुळाबद्दल. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी इंग्लिश आणि स्कॉटिश बॅलड्सचा संग्रह केला, तो १८८२ ते १८९८ या काळात छापला गेला. ३०५ गाणी, प्रत्येकाची सापडतील तेवढी रूपं. त्यांनी दिलेले क्रमांक आजही चालतात. 'टॅम लिन' ३९, 'मॅटी ग्रोव्ह्ज' ८१. 'टॅम लिन'चं सगळ्यात प्रसिद्ध रूप स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सनं पाठवलेलं, १७९० च्या दशकात छापलं गेलेलं. त्यातलं कार्टरहॉचं रान स्कॉटलंडच्या दक्षिणेला सेलकर्कजवळ खरोखर आहे.

चाइल्ड यांच्या संग्रहातला एक मोठा झरा म्हणजे ॲना गॉर्डन ही ॲबर्डीनची बाई. प्राध्यापकाची मुलगी, पाद्र्याची बायको. तिला ही गाणी कुठून मिळाली? मावशीकडून, आईकडून आणि घरातल्या दाईकडून. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'साठी ओव्या गोळा केल्या त्या कुणाकडून? गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांना मावळातल्या गावांपासून सुरुवात करून एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या मिळाल्या त्या कुणाकडून? ओवी आणि बॅलडमध्ये फरक पुष्कळ आहे. ओवीत गोष्ट फार लांबत नाही, आणि गाणारी स्वतःबद्दलच बोलत असते. पण हा साठा गाणाऱ्या बायकांनी सांभाळला आणि पुस्तकावर नाव गोळा करणाऱ्यांचं लागलं, एवढं साम्य नक्की.

'टॅम लिन'मध्येही सगळं करते ती जॅनेट. मनाई केलेल्या रानात जाते, गुलाब तोडते, दिवस राहतात. टॅम लिन हा परीराणीनं धरून ठेवलेला माणूस. तो सांगतो, हॅलोवीनच्या रात्री आमची मिरवणूक निघेल, पांढऱ्या घोड्यावरून मला खाली ओढ आणि काही झालं तरी सोडू नकोस. मग तो तिच्या मिठीत साप होतो, सिंह होतो, काय काय होतो. ती धरून राहते. शेवटी उघडा माणूस हातात उरतो आणि परीराणीचा जळफळाट. इथे सँडीचा आवाज किंचित धारदार होतो, बघा. अख्ख्या अल्बममध्ये ती एवढाच पक्षपात करते, आणि तो परीराणीच्या बाजूनं आहे की काय अशी मला शंका आहे.

---

टेपरेकॉर्डर

@गारवेल, परीराणीचं लक्षातच आलं नव्हतं. आत्ता परत ऐकलं. खरंय, त्या कडव्यात ती एकदम ऐन मैफिलीत आल्यासारखी वाटते.

@सव्वासेर, मुद्दा रास्त आहे, पण आठपैकी दोन गाण्यांचं काय करायचं? 'फेअरवेल, फेअरवेल' आणि 'क्रेझी मॅन मायकेल' ही जुनी नाहीत. पहिल्याला जुन्या बॅलडची चाल आहे, पण शब्द थॉम्प्सनचे. दुसऱ्याचे शब्द थॉम्प्सनचे आणि चाल स्वॉरब्रिकची. मायकेल समुद्राकाठी फिरतोय, एक डोमकावळा त्याला सांगतो की तुझी प्रिया तुझ्याच हातून मरेल. तो चिडून पक्ष्याला खंजीर मारतो, आणि पायाशी पडलेली असते ती प्रिया. पुढे तो वेड्यासारखा हिंडत राहतो. ज्या विशीतल्या पोराची मैत्रीण मे महिन्यात गेली त्यानं हे त्याच वर्षी लिहावं आणि आपण म्हणावं की संबंध नाही? त्यानं स्वतःचं दुःख 'मी' म्हणून लिहिलं नाही, जुन्या गाण्यांच्या भाषेत लिहिलं. नव्या माणसाला ही दोन गाणी ओळखूही येणार नाहीत, इतकी ती बाकीच्यांत मिसळून जातात. उसनं घेतलं म्हणालो ते या अर्थानं.

---

सव्वासेर

'मायकेल'पुरतं मान्य. 'फेअरवेल'पुरतंही अर्धं मान्य. पण सहा गाण्यांना त्याच रंगात बुडवू नका. 'कम ऑल ये'मध्ये कुठलं सुतक? ते गाणं तुम्हाला सपक वाटलं कारण तुमच्या थिअरीत बसत नाही :)

---

गजानन_नव्हे_गज

मी हौशी व्हायोलिनवाला, आपल्याकडचं शास्त्रीय शिकलेला. स्वॉरब्रिकबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लॉगिन केलं.

आपण व्हायोलिन मांडी घालून, पायावर टेकवून वाजवतो. डावा हात मोकळा राहतो, म्हणून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) जमते. तिकडचे लोकसंगीतवाले उभ्यानं, हनुवटीखाली किंवा छातीला लावून वाजवतात. सगळा भर उजव्या हातावर, म्हणजे गजावर. 'मेडली'मध्ये नीट ऐका. त्यात चार नाचाच्या चाली पाठोपाठ आहेत. एकच गज तारेवर पुढे-मागे होताना मध्येच शेजारची मोकळी तार छेडून जातो, त्यामुळे एक माणूस वाजवत असूनही दोघे असल्याचा भास होतो. बोटांचे बारीक झटके स्वराच्या आजूबाजूला. मुरकी म्हणावी तर तशी नाही, पण काम तेच, सपाट स्वराला दाणा आणायचा. रोज संध्याकाळी चार चाली घोटतो, अजून पहिल्या चालीतच अडकलोय.

स्वॉरब्रिक तेव्हा २८ चा, बँडमध्ये वयानं सगळ्यात मोठा. लोकगायक मार्टिन कार्थीबरोबर अनेक वर्षं क्लबांमध्ये वाजवून आलेला. बाकीच्यांनी ही गाणी लायब्ररीत शोधली. लंडनच्या सेसिल शार्प हाउसमध्ये हचिंग्ज तासन्‌तास बसायचा. स्वॉरब्रिकच्या हातात ती आधीपासूनच होती. मला तर 'मॅटी'च्या शेवटी थॉम्प्सन त्याच्याकडून शिकत वाजवतोय असं वाटतं. गिटारवर मोकळ्या तारेचा तोच गुंजारव, तीच नाचाची लय. पुढे आयुष्यभर थॉम्प्सन तसाच वाजवत राहिला.

---

अर्धा_चहा

मला नाही आवडला. प्रामाणिकपणे तीनदा लावला. 'रेनार्डीन'ला झोप आली, 'मॅटी'च्या गोष्टीत मजा आली पण चाल एकच, कडव्यामागून कडवं. टीकाकारांनी डोक्यावर घेतलं म्हणून आपणही घ्यायचं का?

---

मुपो_डोंबिवली

@अर्धा_चहा, आवडलाच पाहिजे असं कुठे आहे. पण चाल एकच असणं हा बॅलडचा दोष नाही, ती तर अट आहे. ऐकणाऱ्याचं लक्ष गोष्टीवर राहावं म्हणून. बाय द वे, ती चाल 'शेडी ग्रोव्ह' या अमेरिकेतल्या ॲपलाचियन गाण्याची आहे. इंग्लिश गोष्ट आणि समुद्रापलीकडची चाल असा प्रकार.

---

बनबरीची_सून

हापिसातून टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही ऑक्सफर्डशरमध्ये राहतो. बनबरीजवळच्या क्रोप्रेडी गावात दर ऑगस्टला फेअरपोर्टचा महोत्सव भरतो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका काकांनी पहिल्यांदा ओढून नेलं. शेतात हजारो लोक, घडीच्या खुर्च्या, चिखल, आणि बीअरच्या तंबूपुढे बँडपेक्षा मोठी गर्दी. शेवटच्या रात्री फेअरपोर्ट स्वतः वाजवतात. सगळ्यात शेवटी 'मॅटी ग्रोव्ह्ज' आणि मग 'मीट ऑन द लेज'. सव्वासेर यांना सांगायचं म्हणजे तिथे सुतक नावालाही नसतं! 'मॅटी'त नोकर पळत सुटतो तिथपासून आजीआजोबा, पोरंटोरं सगळे मोठ्यानं गातात. खुनाचं गाणं हजार लोक हसत हसत म्हणतायत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कळेना काय चाललंय.

२००७ मध्ये त्यांनी तिथे हा अख्खा अल्बम ओळीनं वाजवला होता, सँडी सोडून मूळचे पाचही जण एकत्र येऊन. सँडीच्या जागी ख्रिस व्हाइल गायली. मी तेव्हा पुण्यात होते, याची रुखरुख आहे. सँडी १९७८ मध्ये गेली, फक्त ३१ ची होती.

---

पिवळी_रिक्षा

ऐकला! कामवाल्या मावशींनी दोनदा विचारलं, ताई हे कुणाचं लावलंय.

तुमच्यापैकी एकानंही 'द डेझर्टर'चं नाव काढलं नाही म्हणून मी काढते. एकाला जबरदस्तीनं सैन्यात भरती करतात. तो पळतो, मित्र चुगली करतो, फटके. परत पळतो, आता प्रेयसी चुगली करते, गोळी घालायची शिक्षा. आणि ऐन वेळी प्रिन्स अल्बर्ट सहा घोड्यांच्या बग्गीतून येतो आणि म्हणतो, सोडा याला, राणीच्या राज्यात चांगला शिपाई होईल. मला हसू आलं. दोन विश्वासघात इतके खरे, आणि शेवट सरकारी जाहिरातीसारखा. पण सँडी तोही त्याच आवाजात गाते, त्यामुळे ठरवता येत नाही की गाणाऱ्यालाही हसू येतंय की नाही. टेपरेकॉर्डर, तुम्ही 'निर्विकार' म्हणालात ते मला इथे जास्त पटलं.

सुतकाबद्दल माझं मत नाही. पण हे ऐकून मेलेल्या माणसांची भीती वाटत नाही, हे नक्की.

मराठीत असं कुणी केलंय का? म्हणजे नुसतं लोकगीताला बीट्स लावलेलं नको.

---

गारवेल

त्यासाठी वेगळा धागा काढा, नाहीतर इथे शंभरी गाठेल आणि फेअरपोर्ट बाजूला राहील. काढलात तर मी येईन भांडायला.

---

टेपरेकॉर्डर

सगळ्यांचे आभार. बनबरीची_सून, चिखलातल्या 'मॅटी'चं वर्णन वाचून माझी थिअरी जरा हलली आहे. पण तो पन्नास वर्षं गाऊन गुळगुळीत झालेला 'मॅटी', आणि १९६९ च्या शरदातला वेगळा, असं म्हणून मी आपला किल्ला लढवणार.

पुढचं काय, यावर व्यनितून (खाजगी निरोपांतून) सल्ले आले ते इथे टाकतो. हा अल्बम बाहेर पडेपर्यंत हचिंग्ज आणि सँडी दोघांनीही बँड सोडला होता. हचिंग्जला आणखी खोल जुन्यात जायचं होतं, त्यानं स्टीलाय स्पॅन काढला. सँडीला स्वतःची गाणी करायची होती, तिनं फॉदरिंगे. दोन्हींचे पहिले अल्बम १९७० चे. एकाच घरातून दोन टोकांना गेलेल्या वाटा आहेत, आळीपाळीनं ऐकेन. त्याआधी 'अनहाफब्रिकिंग', कारण त्यात सँडीचं 'हू नोज व्हेअर द टाइम गोज' आहे आणि कव्हरवर तिचे आईबाबा विम्बल्डनच्या घराबाहेर उभे आहेत. आणि हो, १९६९ या एकाच वर्षात यांचे तीन अल्बम आले, जानेवारी, जुलै, डिसेंबर.

---

गजानन_नव्हे_गज

त्याच वर्षी त्याच स्टुडिओत त्याच बॉइड आणि वुडनी निक ड्रेक या गायकाचा 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' केला, त्यात थॉम्प्सनची गिटार आहे. तोही यादीत टाका. आणि 'मेडली' परत एकदा, या वेळी फक्त डाव्या कानात व्हायोलिन शोधत. नाही सापडलं तर उजव्यात बघा, माझे हेडफोन उलटे असतात बऱ्याचदा.

---

अर्धा_चहा

चौथ्यांदा लावला. 'टॅम लिन' ठीक आहे. बाकी मत कायम.